मिक्सिंग करणाऱ्या पोरांच्या मजुरीचे काय?

तुळशीचे लग्न लागले की आपल्या भागात दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक ऊसतोडीचा आणि दुसरा लग्नसराईचा. पहिल्या हंगामाचा हिशेब कट्ट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. उतारा किती, टनाला किती, पहिला हप्ता कधी, सगळे ठाऊक. दुसऱ्या हंगामावर गावातली चार-दोन पोरे पोट भरू बघतात. त्यांचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. ही पोरे म्हणजे लग्नाच्या शूटिंगचे 'मिक्सिंग' करणारी. गावात त्याला मिक्सिंग म्हणतात, शहरात एडिटिंग म्हणतात आणि सिनेमाच्या पडद्यावर त्याच कामाला संकलन असे भारदस्त नाव असते.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. विचारणाऱ्याने एकदा करवीर, कागल, हातकणंगले, पन्हाळा या तालुक्यांतून चक्कर मारून यावे. बापाच्या वाटणीला दीड एकर, त्यात दोघे भाऊ. थोरला रान बघतो आणि धाकट्याने बारावीनंतर काय करायचे, हा घरोघरचा प्रश्न झाला आहे. मग धाकट्यासाठी संगणक येतो. तो येतो ऊसबिलातून, नाहीतर एखादी म्हैस विकून. शेतीतून निघालेला पैसा ज्या धंद्यात जातो त्या धंद्याची चौकशी शेतीच्या पानावर व्हायलाच पाहिजे. बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल वाचतो, उगवण विचारतो. मग पोराच्या धंद्याची उगवण का विचारू नये?

आधी काम काय असते ते सांगतो, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना ते नीट ठाऊक नसते. पोरगं दिवसभर खुर्चीत बसून लग्नाचे व्हिडिओ बघतंय, एवढेच त्यांना दिसते. हल्ली एका लग्नाला किमान दोन कॅमेरे असतात. हळद, साखरपुडा, अक्षता, जेवणावळ, वरात असे सगळे धरून प्रत्येक कॅमेऱ्यावर पाच-सहा तासांचे चित्रण होते. फोर-के दर्जाचे तासाभराचे चित्रण साधारण ४५ जीबी जागा खाते. दोन कॅमेऱ्यांचे सहा-सहा तास धरले तर ५४० जीबी झाले, आणि शहाणा माणूस त्याची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो. कारण लग्न परत लागत नसते. त्यानंतर सगळे बघायचे, हललेले, अंधारलेले, नको ते काढायचे, दोन्ही कॅमेऱ्यांचा मेळ घालायचा, आवाज सारखा करायचा, रंग दुरुस्त करायचे. मग दोन-तीन तासांची मुख्य फिल्म, पाच मिनिटांचे हायलाइट आणि वर मोबाईलसाठी उभ्या आकाराचे रील. हे झाल्यावर नवरदेवाची आत्या म्हणते, आमच्याकडची माणसं कमी दिसतात. की पुन्हा बसायचे. मळणी करताना दाणा आणि भूस वेगळे करतात तसेच हे काम आहे. फरक एवढाच की इथे कोणता दाणा आणि कोणते भूस हे पाहुण्यांवर अवलंबून असते.

आता मजुरी. बहुतेक पोरांना काम थेट लग्नघरातून मिळत नाही. फोटोग्राफर पूर्ण लग्नाचे पॅकेज घेतो आणि मिक्सिंग बाहेर देतो. समजा, एका लग्नाच्या मिक्सिंगचे ४,५०० रुपये ठरले. आकडे उदाहरणाचे आहेत, ज्याने त्याने आपापले घालून बघावेत. कामाला चार दिवस आणि आत्याच्या दुरुस्त्यांना एक दिवस, असे पाच दिवस गेले. संगणक ९०,००० रुपयांचा, तो तीन वर्षे टिकला, वर्षाला चाळीस लग्ने केली, तर लग्नामागे ७५० रुपये संगणकाचीच झीज झाली. वीज, इंटरनेट, हार्ड डिस्क यांचे ५०० धरा. राहिले ३,२५०. म्हणजे दिवसाला ६५० रुपये पडले. रोजगार हमीची मजुरी आपल्या राज्यात २०२५-२६ साठी ३१२ रुपये होती, त्याच्या दुप्पट हे बरे दिसते. पण गावातल्या चांगल्या गवंड्याची हजेरी यापेक्षा कमी नसते आणि गवंड्याला संगणक घ्यावा लागत नाही. पुढे बघा. चाळीस लग्नांचे वर्षाचे झाले १ लाख ३० हजार, महिन्याला पावणेअकरा हजारांच्या आसपास. तेही चाळीस लग्ने मिळाली तर. आषाढात चातुर्मास लागला की कामे थांबतात आणि मध्ये पौषातही हात बसतात.

उसाच्या भाषेत सांगायचे तर २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरली. म्हणजे एक लग्न म्हणजे सव्वा टन ऊस, तोडणी-वाहतूक वजा न करता. पाच दिवस डोळे फोडून सव्वा टन. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण 'एडिटिंगमध्ये लई पैसा हाय' असे जे गावात बोलले जाते, त्याच्याशी हा हिशेब जुळत नाही.

दराइतकेच, किंबहुना त्याहून मोठे दुखणे आहे ते पैसे हातात पडण्याचे. आपल्याकडे दुधाचे बिल दहा दिवसाला होते. त्यावर कोल्हापूर जिल्ह्यातली निम्मी घरे चालतात म्हटले तरी चालेल. उसाला १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर पंधरा टक्के व्याज. तो पाळला जावा म्हणून शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागते, जयसिंगपूरला ऊस परिषदा भरवाव्या लागतात, हे खरे. तरी निदान भांडायला कागद आहे. मिक्सिंगवाल्या पोराकडे काय आहे? फोनवरचा शब्द. 'पार्टीकडून आले की देतो' हे वाक्य ऐकले नाही असा मुलगा मला अजून भेटायचा आहे. पार्टीचे पैसे अल्बम दिल्यावर येतात, अल्बम फोटो निवडल्यावर होतो आणि फोटो निवडायला नवरा-नवरी सहा-सहा महिने लावतात. तोवर मिक्सिंगचे पैसे अडकलेले असतात. एका मुलाने वहीत लिहून ठेवलेली येणी मला दाखवली. गेल्या दिवाळीपासूनची होती आणि त्यातली दोन जोडपी तर बारशाचे शूटिंग सांगायला आली होती.

मुंबईला गेले म्हणजे सुटका होते असेही नाही. मालिकांच्या धंद्यात भाग दाखवल्यानंतर नव्वद दिवसांनी पैसे द्यायचे, अशी रीत पडलेली आहे. दुधाला दहा दिवस, उसाला चौदा दिवस आणि मालिकेला नव्वद दिवस. तीन महिने गोरेगाव-मालाडच्या बाजूला खोलीभाडे आणि खानावळ कोणी भरायची? गावाकडून बापाने. म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेला आपल्या उसाचे बिनव्याजी भांडवल लागते, असाच त्याचा अर्थ होतो.

या धंद्यात नाव मिळाले म्हणजे पैसा मिळाला असेही नाही. १९७५ चा 'शोले' कोणी पाहिला नाही असे घर सापडणे कठीण. तीन लाख फुटांहून जास्त चित्रित झालेल्या फिल्ममधून सुमारे वीस हजार फुटांचा तो चित्रपट काढला मराठी संकलक एम. एस. शिंदे यांनी. एवढ्या गाजलेल्या चित्रपटाला त्या वर्षी फिल्मफेअरचे एकच पारितोषिक मिळाले, तेही संकलनाचे. शिंदे २०१२ साली गेले. त्यांचे अखेरचे दिवस मुंबईत धारावीतल्या एका लहानशा खोलीत गेले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोव्यातून मुंबईत आलेल्या वामन भोसले यांनी याच कामात राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत मजल मारली, 'इन्कार' चित्रपटाच्या संकलनासाठी. गावाकडचा माणूस या कामात कमी पडत नाही. कमी पडतो तो करार आणि पेन्शन या बाबतीत, आणि तो त्याचा दोष नव्हे.

कोल्हापूरकरांना तर हे नव्याने सांगायला नको. बाबूराव पेंटरांनी याच मातीत कॅमेरा घडवला आणि १९२५ साली 'सावकारी पाश' काढला, तो कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यावरचाच चित्रपट होता. त्यात तरुण शेतकरी झालेले व्ही. शांताराम कोल्हापूरचेच. १९२९ साली प्रभात कंपनी इथेच सुरू झाली. त्या काळी स्टुडिओत काम करणारा माणूस महिन्याच्या पगारावर असे. कात्री लावणाराही पगारी होता. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली आणि तिच्या जागेत १९६० साली चित्रपटाची सरकारी शिक्षणसंस्था उभी राहिली. आज आपल्या पोराला संकलनाचा तीन वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम करायचा असेल तर तिथेच जावे लागते. आधी पदवी पाहिजे, मग देशभरातल्या मुलांबरोबर प्रवेश परीक्षा, आणि जागा मोजक्या. कोल्हापूरचा कारखाना पुण्याला गेला आणि आता कोल्हापूरच्या पोराने तिथे जाऊन रांगेत उभे राहायचे, असा हा मामला आहे.

बाकीची पोरे मग खाजगी क्लासला जातात. यावर थोडे स्पष्ट लिहितो. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा कोर्स, फी लाखाच्या घरात आणि जाहिरातीत 'शंभर टक्के नोकरी'. शंभर टक्के उगवणीची हमी देणारी बियाण्याची पिशवी कोणी दाखवली तर आपण दुकानदाराकडे संशयाने बघतो. इथे मात्र बाप निमूट चेक फाडतो. क्लास सगळेच वाईट नाहीत. पण पैसे भरण्याआधी गेल्या वर्षीच्या मुलांपैकी पाच जणांचे फोन मागावेत आणि त्यांना विचारावे की आज कुठे आहात, महिन्याला किती मिळतात आणि वेळेवर मिळतात का. फोन देत नसतील तर उठून यावे. शिवाय शिकायला सुरुवात करण्यासाठी लाख रुपये लागतातच असे नाही. डाविंची रिझॉल्व्ह नावाच्या सॉफ्टवेअरची एक आवृत्ती फुकट मिळते आणि ती शिकाऊ मुलाला पुरून उरते. आपल्याकडच्या लॅबमध्ये एडियस चालते, मोठ्या शहरात प्रीमियर, ते महिन्याच्या भाड्याने मिळते. चोरीची प्रत मात्र वापरू नये. व्हायरस येऊन पार्टीचे लग्न पुसले गेले तर भरपाई कोण देणार?

मग या धंद्यात पुढे काही आहे की नाही? आहे. पण ते फक्त लग्नात नाही. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झाले तरी लहान व्हिडिओची सवय लोकांच्या हातातून गेली नाही. बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ पासून पुन्हा परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि तेव्हापासून शर्यतींचे, बैलांचे, कुस्तीच्या फडांचे व्हिडिओ गावोगावची पोरे काढत आहेत. यूट्यूबवरून कमाई सुरू व्हायला हजार सदस्य आणि वर्षात चार हजार तास बघितले जाणे लागते. हे ऐकायला सोपे आहे, करायला नाही. त्यामुळे त्यावर संसार उभा करू नये. त्याला परसातल्या कोंबड्या समजावे, मुख्य पीक नव्हे. दुसऱ्याची गाणी लावली तर तेवढीही कमाई गाण्याच्या मालकाकडे जाते, हेही ध्यानात ठेवावे.

माझ्या कामाच्या संबंधातून मला जी खरी गरज दिसते ती वेगळीच आहे. शेतकऱ्याला आता पत्रक वाचायला नको असते. त्याला दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहिजे असतो. उसातल्या हुमणीचे उदाहरण घ्या. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात आणि कडुनिंब, बाभळीवर बसतात. फांद्या हलवून ते गोळा करायचे, प्रकाश सापळे लावायचे, ते याच दिवसांत. हा व्हिडिओ मे महिन्यात लोकांच्या मोबाईलवर पोचला तर उपयोग. जुलैत पोचला तर अळी मुळाशी जाऊन बसलेली असते. म्हणजे संकलन करणाऱ्याला हंगाम कळला पाहिजे. तसेच औषधाचे. फवारणीच्या एका व्हिडिओत माहिती सांगणाऱ्याने 'पंधरा लिटरच्या पंपाला' एवढे म्हटल्यावर मध्येच कापलेले मी पाहिले आहे. कापणाऱ्याला तो तुकडा लांबट वाटला असावा. त्यातला प्रमाणाचा आकडाच गेला. ज्याने हातात पंप धरलेला नाही त्याला ते कळणार नाही. शेतकऱ्याच्या पोराला कळते. ही त्याची शिदोरी आहे आणि मुंबईच्या कोणत्याही क्लासमध्ये ती मिळत नाही.

कणेरी आणि तळसंदे येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, साखर कारखान्यांचे ऊसविकास विभाग आहेत, दूध संघ आहेत, ठिबकवाले, रोपवाटिकावाले, गूळ विकणारे आहेत. या सगळ्यांना आज ना उद्या असे व्हिडिओ लागणारच आहेत, आणि तेही बारा महिने. पंचायत समितीने आणि कारखान्यांनी ही कामे जिल्ह्यातल्याच पोरांना दर ठरवून, लेखी आदेश देऊन दिली तर चातुर्मासातला रिकामा काळ भरून निघेल. 'तुझं नाव होईल, फुकट करून दे' ही भाषा मात्र बंद झाली पाहिजे. तुमच्या रानात फुकट नांगरून द्या, तुमचे नाव होईल, असे ट्रॅक्टरवाल्याला कोणी म्हणत नाही.

मुलींचाही विचार व्हावा. हे काम घरात बसून होते आणि घरातल्या कामात खंड पडला तरी पुन्हा हाती घेता येते. संगणक शिकलेल्या किती तरी सुना गावात नुसत्या बसून आहेत. बचत गटांना पापड-लोणच्याच्या पलीकडे न्यायचे असे सगळेच म्हणतात, मग एका गटाला एक चांगला संगणक द्यायला काय हरकत आहे?

यंत्राने कापण्याची भीती पोरे हल्ली बोलून दाखवतात. ती खोटी नाही. बोललेले शब्द आपोआप लिहून काढायचे आणि तो मजकूर खोडला की चित्रफीतही तिथे कापली जायची, अशी सोय प्रीमियरमध्ये २०२३ साली आली. ठरावीक साच्यात गाणे भरून देणे, एवढेच ज्याला येते त्याचे काम जाणार, हे मान्य करावे लागेल. तयार 'प्रोजेक्ट' विकत घेऊन त्यात फक्त फोटो बदलणाऱ्यांनी हा इशारा समजावा. पण आजीने नातीच्या पाठवणीला डोळ्याला पदर लावला तो क्षण ठेवायचा की काढायचा, हे ठरवायला त्या घरचे माणूस कळावे लागते.

आता पोरांनी स्वतः काय करायचे, ते बोलू. पहिली गोष्ट, 'उद्यम' नोंदणी. आधार कार्डावर होते, फुकट होते, कोणा एजंटला पाचशे रुपये द्यायची गरज नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात सेवा देणारा लहान धंदेवाईकही येतो. लेखी मुदत ठरली नसेल तर पंधरा दिवसांत, ठरली असली तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत त्याचे पैसे दिले पाहिजेत. नाही तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. तक्रार ऐकायला सुविधा परिषद आहे. मात्र काम घेण्याआधी नोंदणी झालेली बरी, नंतर धावाधाव नको. मुंबईच्या नव्वद दिवसांच्या रीतीसमोर ठेवायला हा एक कागद तरी हातात राहतो. एवढ्या लहान कमाईला जीएसटी लागत नाही, सेवेची मर्यादा वर्षाला वीस लाखांची आहे, त्यामुळे त्या भीतीने नोंदणी टाळू नये. संगणकासाठी मुद्रा योजनेत 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळते. म्हशीसाठी कर्ज देणारी बँक संगणकासाठी का कू करते, हा अनुभव अनेकांनी सांगितला आहे. जिल्हा उद्योग केंद्रातून कागद घेऊन गेले तर बोलणे सोपे जाते.

दुसरे, इसार. जनावराच्या बाजारातसुद्धा इसार दिल्याशिवाय दावे सोडत नाहीत. निम्मे पैसे आधी, राहिलेले पेन ड्राइव्ह देताना, आणि दुरुस्त्या दोनदाच फुकट, तिसऱ्यांदा आत्या आली तर वेगळे पैसे. हे एकट्याने म्हटले तर काम दुसऱ्याकडे जाते. म्हणून तालुक्यातल्या दहा-वीस जणांनी मिळून म्हणावे. ज्या जिल्ह्याने दुधाचे आणि साखरेचे सहकार उभे केले, त्या जिल्ह्यातल्या पोरांनी एकमेकांचे दर पाडून मरावे, हे काही बरोबर नाही. सिनेमातल्या कामगारांच्या मुंबईत संघटना आहेत. मराठी चित्रपट महामंडळाचे कार्यालय तर कोल्हापुरातच आहे. मिक्सिंगवाल्या पोरांसाठी अजून कोणी दार उघडलेले नाही.

राहिली चित्रनगरी. मोरेवाडीच्या माळावर सरकारने ती उभारली, मधली कित्येक वर्षे ती ओस पडली, अलीकडे पुन्हा हालचाल आहे. २०२० मध्ये जोतिबाच्या मालिकेचे चित्रीकरण तिथे झाले. त्याआधी २०१६ पासून वसगड्यात एका मालिकेने गावाला रोजगार दिला. चित्रीकरण इथे होते, पण कापायला माल मुंबईला जातो. ऊस आपण पिकवायचा आणि साखर दुसऱ्या जिल्ह्यात करायची, असे आपण चालू दिले असते का? चित्रनगरीत संकलनाच्या दहा-पंधरा खोल्या, चांगली वीज आणि वेगवान इंटरनेट दिले, तर इथल्या मालिकांचे निदान पहिले कच्चे संकलन इथेच होऊ शकते. शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता शिकवली जाते, त्या विभागाला जोडून तिथेच एक लहानसा अभ्यासक्रम ठेवता येईल, बारावी झालेल्यांसाठी आणि परवडणाऱ्या फीमध्ये. त्यात कात्रीबरोबर करार आणि हिशेबही शिकवावा. वर्ग मात्र आषाढ ते कार्तिक या काळात ठेवावेत. तेव्हा पोरे रिकामी असतात. लग्नसराईत ठेवले तर फी भरूनही कोणी फिरकणार नाही.